पूर्वबुडबुडा

समुद्र-संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर तीस पावलं लांबीची काचेची टाकी होती. तिच्या एका टोकाला पोलादी फळी होती. ती मोटरीवर मागेपुढे हलायची, पाण्यात लाट उठायची, काचेमागून धावत जायची आणि टाकीच्या मध्यावर येऊन कोसळायची. कोसळताना हवेचा एक मोठा घास गिळायची. त्या घासाचे बुडबुडे व्हायचे. मोठे लगेच वर येऊन फुटत, लहान जरा रेंगाळत, आणि केसाच्या जाडीचे जे असत ते तर मिनिटभर पाण्यात नुसते हिंडत राहत. ते किती, केवढे आणि किती वेळ टिकतात हे मोजायचं काम ज्या बाईंकडे होतं, त्यांना सगळी संस्था बुडबुडेबाई म्हणायची. सुरुवातीला पाठीमागे, पुढे तोंडावर, आणि अलीकडे तर रजेच्या अर्जावर शेराही ‘बुडबुडेबाईंना दोन दिवस मंजूर’ असाच पडायचा. बाईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. एकोणीस वर्षं बुडबुडे मोजलेल्या माणसाची कातडी तशी जाड झालेली असते.

शिवाय बाई आता साध्यासुध्या राहिल्या नव्हत्या. साडेसहा वर्षांपूर्वी त्यांना एक शोध लागला होता. लाट फुटायच्या क्षणभर आधी, जेव्हा पाणी अगदी स्वच्छ असायला हवं, तेव्हा लाटेच्या पायथ्याशी बारीक बुडबुड्यांचा एक पुंजका दिसायचा. पाण्यात सोडलेल्या ध्वनियंत्रातून त्याच वेळी एक बारीक शीळ ऐकू यायची. याचा अर्थ सरळ होता. लाट फुटल्यावर हवा पकडते असं सगळं जग समजत होतं. प्रत्यक्षात ती फुटण्याआधीच पकडायला लागत होती. बाईंनी त्याचं नाव ठेवलं पूर्वबुडबुडा. निबंध छापून आला. चार परदेशी प्रयोगशाळांनी ‘आमच्याकडेही दिसला’ असं कळवलं. संस्थेने आपलं बोधचिन्ह बदललं आणि लाटेच्या पुढे तीन टिंबं काढली. व्यवस्थापनाचे वर्ग घेणारे एक गृहस्थ तर गावोगाव सांगत फिरले की संकट फुटायच्या आधी श्वास कसा घ्यावा हे लाटेकडून शिका. आता संस्थेच्या फाटकाशी पुरुषभर उंचीचं पोलादी शिल्प उभं राहिलं होतं. एक लाट, पुढे तीन गोळे, आणि सगळ्यावर कापड. महिनाभरात नियामक मंडळाचे अध्यक्ष येऊन ते कापड ओढणार होते.

अशात नवे संचालक आले.

हे आले पाणीपुरवठा खात्यातून. एका मोठ्या शहराच्या नळांची गळती त्यांनी बेचाळीस टक्क्यांवरून एकवीसवर आणली होती. त्याबद्दल त्यांना बढती देणं भाग होतं, आणि त्या दर्जाची रिकामी जागा नेमकी समुद्रातच होती. पाणी ते पाणी, असा विचार करून वरच्यांनी सही केली. माणूस सज्जन होता, वक्तशीर होता, आणि हातात आलेला प्रत्येक कागद वाचायचा. ही शेवटची सवय संस्थेत कुणालाच नव्हती, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडाला.

बाईंच्या मासिक अहवालात एक वाक्य एकोणीस वर्षं बिनबोभाट छापलं जात होतं: ‘लाटेत अडकलेल्या हवेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हवा पहिल्या काही सेकंदांतच बाहेर पडते.’ संचालकांनी त्याभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, ‘नव्वद टक्के?? खुलासा करावा.’

बाई खुलासा करायला गेल्या.

“बसा बाई. हवा आत जाते किती?”

“ते लाटेवर आहे, साहेब.”

“शंभर धरू. त्यातली नव्वद बाहेर?”

“हो.”

“आणि हे कधीपासून चाललंय?”

बाईंनी जरा विचार केला. “समुद्र झाल्यापासून.”

“म्हणजे मी रुजू व्हायच्या आधीपासून,” असं म्हणत संचालकांनी समाधानाने टिपून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. “बाई, बेचाळीस टक्क्यांवर वर्तमानपत्रांनी आमची सालटी काढली होती. इथे नव्वद टक्के, आणि कुणाला पत्ता नाही!”

“साहेब, ही गळती नाही हो. हवा पाण्यापेक्षा हलकी. ती वर येणारच.”

“कोण सोडतं तिला?”

“कुणी नाही. आपोआप येते.”

“आपोआप असं काही नसतं, बाई. ज्याची जबाबदारी कुणावर टाकलेली नाही, त्याला लोक आपोआप म्हणतात.”

बाईंनी परोपरीने समजावलं. पाण्यात मुरलेली थोडी हवा माशांच्या कामी येते. वर येऊन फुटणारा बुडबुडा पाण्याचे बारीक तुषार उडवतो, त्यातलं मीठ वाऱ्यावर चढतं, आणि त्या मिठाच्या कणाभोवती ढग धरतो. बुडबुडे सुटले नाहीत तर ढगांचं काय?

“ढग आपल्याकडे येत नाहीत,” संचालक म्हणाले. “त्यांचं खातं वेगळं आहे.”

दुसऱ्या दिवशी गळती-निवारण समिती नेमल्याचा आदेश निघाला. समितीत स्वतः संचालक, भांडारप्रमुख, आणि ‘तज्ज्ञ व संबंधित दोषी’ म्हणून बुडबुडेबाई. बाईंनी हरकत घेतल्यावर शुद्धिपत्रक निघालं आणि त्यातून ‘तज्ज्ञ’ हा शब्द गाळला गेला. पुन्हा हरकत, पुन्हा शुद्धिपत्रक. समितीच्या पहिल्या बैठकीत भांडारप्रमुखांनी टाकीवर झाकण बसवायची सूचना केली, कारण त्यांच्याकडे झाकणाला चालेल असा पत्रा सहा वर्षं पडून होता. झाकण बसवलं. पाण्याला चिकटूनच बसवल्यामुळे लाट उठेचना. लाट नाही म्हणून हवा आत गेली नाही, हवा आत गेली नाही म्हणून बाहेर आली नाही. इतिवृत्तात ‘गळती शून्य टक्के’ अशी नोंद झाली आणि टाळ्याही वाजल्या. बाईंनी तीन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखं बसून काढले. चौथ्या दिवशी टाकीचे मिस्त्री, जे बाईंच्याही आधीपासून त्या टाकीवर होते आणि आता निवृत्तीला टेकले होते, त्यांनी तो पत्रा काढून भिंतीला उभा केला आणि म्हणाले, “साहेबांना एकदा खाली आणा बाई. कागदावर कळणारी गोष्ट नाही ही.”

संचालक खाली आले ते बूट पुसून. टाकीसमोर उभे राहिले. मिस्त्रींनी मोटर चालू केली. लाट आली, वळली, कोसळली, आणि काचेमागे पांढरा धुरळा उडाला. संचालकांनी दोन पावलं मागे घेतली.

“आता हे लावा,” म्हणत बाईंनी ध्वनियंत्राची कानयंत्रं त्यांच्या हातात दिली. “लाटेचा आवाज म्हणतो ना आपण, तो पाण्याचा नसतो. बुडबुड्यांचा असतो. बुडबुडा तयार होताना घंटीसारखा वाजतो. मोठा जाड वाजतो, लहान बारीक वाजतो. बुडबुडे काढून टाकले तर समुद्र जवळजवळ मुका होईल.”

संचालकांनी कानयंत्रं लावली आणि डोळे मिटले. मिस्त्रींनी एकामागून एक लाटा सोडल्या. पाच झाल्या, दहा झाल्या, वीस झाल्या. माणूस हलेना. चेहऱ्यावरचा साहेबपणा कुठल्या कुठे गेला. बाईंना बरं वाटलं; एकोणीस वर्षांत वरच्या मजल्यावरून कुणी असं खाली येऊन ऐकलं नव्हतं.

हे बाईंना ठाऊक नव्हतं की संचालक मुळात साहेब म्हणून चिकटलेच नव्हते. विशीत असताना ते पाणीपुरवठ्यात ‘कान्या’ होते. लोखंडी कांब रस्त्याला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते ऐकून सांगायचं, हे त्यांचं काम. अकरा वर्षं त्यांनी शहराचे रस्ते असे कानाने चालून काढले होते. नंतर परीक्षा दिल्या, खुर्च्या चढले, आणि त्या कानाला पुढे बैठकांखेरीज काही ऐकायला मिळालं नाही.

त्यांनी डोळे उघडले.

“फुटतानाचे आवाज सुंदर आहेत,” ते म्हणाले. “पण त्याच्या आधी एक शीळ येते. ती लाटेची नाही.”

“हो!” बाई खुलल्या. “तोच पूर्वबुडबुडा. त्याच्यावरच तर—”

“नाही बाई. ती रबराची शीळ आहे.”

मिस्त्रींचा हात मोटरीच्या बटणावर तसाच राहिला.

“रबराची कशी असेल?” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांच्या नकळत चढला होता. “चार प्रयोगशाळांनी पाहिलाय तो.”

“त्यांचं मला माहीत नाही. पाइपाच्या सांध्याला जुनं रबर असलं आणि आत ओढ बसली, की फटीतून हवा अशीच शिरते. अकरा वर्षं ऐकलीय मी ही शीळ.” संचालकांनी इकडेतिकडे पाहिलं, मिस्त्रींच्या पेटीतला एक लांब पेचकस उचलला, मूठ कानाला लावली आणि टोक टाकीला टेकवत टेकवत चालू लागले. मध्यापासून मागे, मागे, फळीपर्यंत. मग गुडघे टेकून फळीच्या मागे वाकले. फळीला ढकलणारा दांडा तिथे टाकीच्या भिंतीतून, पाण्याच्या पातळीखालून, आत जात होता. दांड्याभोवती रबराचं कडं होतं. आणि कड्याच्या खाली जमिनीवर एक निळी बादली होती.

“ही बादली कशासाठी?”

 बादली तिथे सात वर्षं होती. तिच्यावर संस्थेचा सामानक्रमांक रंगवलेला होता. दर वर्षी मोजदाद करणारे येऊन तिची नोंद घेऊन जात. बाई रोज तिच्याशेजारून जात. मध्यंतरी त्यांनी तिच्यावरून ठेचाळून पायाचा अंगठाही दुखावून घेतला होता.

“थोडं पाणी ठिबकतं, साहेब,” मिस्त्री शेवटी म्हणाले. “फळी मागे आली की.”

“आणि पुढे गेली की?”

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. फळी पुढे गेली की मागे आत ओढ बसत असणार आणि पाणी जिथून बाहेर पडतं तिथूनच हवा आत शिरून लाटेबरोबर टाकीच्या मध्यापर्यंत वाहत येत असणार, हे एवढं सरळ होतं की तिघांनाही ते मोठ्याने म्हणायची गरज पडली नाही.

“रबर कधी बदललं होतं?” बाईंनी विचारलं.

“सात वर्षं झाली असतील. मापाचं नव्हतं भांडारात. दोन सूत मोठं मिळालं. मी त्यावर पट्टी गुंडाळून बसवलं.” मिस्त्रींचा चेहरा पडला. “नवीन मागवलं होतं बाई. अर्ज आहे माझा. आलंच नाही.”

सात वर्षं. पूर्वबुडबुडा सापडून साडेसहा झाली होती.

बाईंनी हार मानली नाही, निदान त्या दिवशी नाही. त्यांनी स्वतः बाजारात जाऊन योग्य मापाचं कडं आणलं. मिस्त्रींनी ते बसवलं. तीन दिवस, सकाळी आल्यापासून संध्याकाळी फाटक बंद होईपर्यंत, बाई टाकीसमोर बसल्या आणि नऊशे लाटा पाहिल्या. लाटा नेहमीसारख्या आल्या, नेहमीसारख्या फुटल्या, हवा गिळली, सोडली. फुटण्याआधी पाणी लख्ख होतं. शीळ नव्हती. बादलीत एक थेंब पडला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा दातांचा डॉक्टर. तोंड उघडं टाकून बसलेल्या माणसांशी दिवसभर बोलायची सवय, त्यामुळे समोरून उत्तराची अपेक्षा त्याला घरीही नसायची. पण आज तो शेवटपर्यंत गप्प बसून ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, “तुला एक सांगू? कुणाला सांगितलं नाहीये मी.”

“काय?”

“दवाखाना टाकला त्याच्या दुसऱ्या वर्षी एका शिंप्याचा दात काढला. चुकीचा. शेजारचा काढायचा होता.”

“अरे देवा. मग?”

“मग त्याचं दुखणं थांबलं! कसं थांबलं मला आजतागायत कळलेलं नाही. घरी पोचून त्याने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, माझ्या हाताला गुण आहे म्हणून. निम्मा दवाखाना त्या शिंप्याने भरला माझा. दर वर्षी ठरवायचो, या खेपेला आला की सांगून टाकू. तो यायचा, हसायचा, तिथे खड्डा दिसायचा, आणि मी म्हणायचो, बरं आहे ना? बरं आहे.” तो थांबला. “गेला तो तीन वर्षांपूर्वी. आता कुणाला सांगू?”

 बाईंनी उठून कागद घेतला आणि निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहायला बसल्या.

इकडे संचालक हवेत होते. आल्यापासून महिन्याच्या आत त्यांनी गळती शोधली, जागा दाखवली, बंद करून घेतली. त्यांनी मोठ्या उमेदीने टिपण लिहून मंडळाकडे पाठवायला काढलं आणि संस्थेच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याला दाखवलं. हा मनुष्य कुठलीही बातमी ऐकली की आधी तिच्या छायाचित्राचा विचार करायचा. त्याने टिपण वाचलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

“साहेब, हे पाठवलं तर फाटकावर काय उभं आहे?”

“शिल्प.”

“कशाचं?”

तेव्हा कुठे संचालकांच्या लक्षात आलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं. कापडाखाली तीन गोळे दिसत होते.

“अध्यक्षांना टाकीत पूर्वबुडबुडा दाखवायचा आणि मग कापड ओढायचं, असा कार्यक्रम आहे,” प्रसिद्धी अधिकारी म्हणाला. “पत्रिका गेल्या. वार्ताहर येतायत. साहेब, जुनं रबर आहे ना अजून? एका दिवसाचा प्रश्न आहे. मिस्त्रींना सांगा, ते दोन सूत मोठं कडं परत—”

“म्हणजे गळती सुरू करायची?”

“एका दिवसापुरती.”

संचालक उभे राहिले. आयुष्यात त्यांनी पुष्कळ तडजोडी केल्या होत्या. खोटी इतिवृत्तं लिहिली होती, न आवडणाऱ्या माणसांची तोंडभरून स्तुती केली होती, झाकणासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. पण ही मागणी त्यांच्या वर्मी बसली.

“मी गळत्या बंद केल्यात,” ते म्हणाले. “आजवर एक सुरू केलेली नाही. करणारही नाही. तुम्ही जा.”

प्रसिद्धी अधिकारी गेला तो थेट तळमजल्यावर. त्याने मिस्त्रींना बाजूला घेतलं, निवृत्तीच्या समारंभाचा विषय काढला, चांगल्या निरोपाचा काढला. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि ते जुनं कडं त्याच्यासमोरच कात्रीने कापून त्याचे चार तुकडे केले. “सात वर्षं माझ्यामुळे बाईंच्या डोक्यात हवा शिरली,” ते म्हणाले. “आता पुरे.”

अध्यक्ष आले ते ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा, एका दुखऱ्या गुडघ्यासकट. बरोबर पाचसहा वार्ताहर. तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंनी ठरवलेलं सगळं पाठ केलं होतं, पण अध्यक्षांनी बसल्या बसल्या, “कुठाय तुमचा तो प्रसिद्ध बुडबुडा?” असं विचारलं आणि पाठ केलेलं सगळं बाईंच्या डोक्यातून उडालं.

“नाहीये,” त्या म्हणाल्या.

“आज सुट्टीवर आहे का?” अध्यक्षांनी वार्ताहरांकडे पाहून विनोद केला. वार्ताहर हसले.

“तो कधीच नव्हता, साहेब. लाटेचा नव्हता. आमच्या टाकीच्या मागे एक रबर सैल होतं, तिथून हवा यायची. मी ती साडेसहा वर्षं मोजली, तिला नाव दिलं, तिच्यावर निबंध लिहिला. चूक माझी आहे. मिस्त्रींची नाही, ठिबकणारं पाणी मला रोज दिसत होतं. निबंध मी मागे घेतला आहे. पत्र काल गेलं.”

 वार्ताहरांची पेनं चालू लागली. बाईंनी हात मागे बांधले.

अध्यक्षांनी संचालकांकडे पाहिलं. “हे तुम्हाला माहीत होतं?”

“मीच शोधून काढलं,” संचालक म्हणाले. त्यांना ताठ उभं राहायचं होतं की मान खाली घालायची होती, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. “गळती सापडली आणि बंद केली.”

“बाहेर ते शिल्प उभं आहे त्याचं काय? कागद छापलेत, पाट्या छापल्यात, गणवेशावर भरतकाम झालंय. मी आता काय त्याच्यावरचं कापड काढू, की आणखी एक घालू?”

 बाईंनी खाली पाहिलं. आणि तेव्हा, कोपऱ्यात घाम पुसत उभ्या असलेल्या प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

“साहेब,” तो पुढे येत म्हणाला, “ते बुडबुडे आहेत असं शिल्पावर लिहिलेलं कुठे आहे? पाटी अजून लागलेली नाही. ते थेंब आहेत. वाचवलेले थेंब. पूर्णपणे गळतीमुक्त झालेली देशातली पहिली प्रयोगशाळा!”

अध्यक्षांनी क्षणभर गुडघा चोळला. “थेंब,” ते म्हणाले. “थेंब चांगले आहेत. लोकांना थेंब कळतात.”

अर्ध्या तासात कापड ओढलं गेलं, टाळ्या झाल्या, संचालकांच्या गळ्यात हार पडला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पोलादी थेंबांसमोर हसणारे अध्यक्ष होते. खाली बातमी होती की दक्ष संचालकांनी संस्थेतली सात वर्षांची गळती अवघ्या महिन्याभरात थांबवली. शास्त्रज्ञ बाईंनी आपली चूक सर्वांसमोर कबूल केली हे एकाही वर्तमानपत्रात आलं नाही. एकाने तेवढं ‘कार्यक्रमाला महिला कर्मचारीही उपस्थित होत्या’ असं लिहिलं. व्यवस्थापनवाले गृहस्थ लगोलग थेंबांवर बोलू लागले.

निबंध मागे घेतल्याची सूचना तो ज्यात छापून आला होता त्या परदेशी नियतकालिकात आठ ओळींत आली. त्यानंतर ज्या चार प्रयोगशाळांनी पूर्वबुडबुडा ‘आमच्याकडेही दिसला’ म्हणून कळवलं होतं, त्यांची वाट पाहण्यात बाईंचे पंधरा दिवस गेले. त्यांच्या टाक्यांना ना हे रबर होतं, ना ही फट. मग त्यांना काय दिसलं होतं? दोघींनी उत्तरच दिलं नाही. तिसरीने कळवलं की आमची तेव्हाची निरीक्षणं घेणारे गृहस्थ आता केशरचनेच्या व्यवसायात आहेत. चौथीचं पत्र मात्र चांगलं दोन पानी होतं आणि खरमरीत होतं. पूर्वबुडबुडा आमच्याकडे आजही रोज दिसतो, असा त्याचा मथितार्थ होता, आणि एका सैल रबराच्या सबबीवर एवढा मोठा शोध सोडून देणं हे वैज्ञानिकाला न शोभणारं उतावळेपण आहे.

मिस्त्रींनी ते पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. “यांना उत्तर काय पाठवणार?”

“अभिनंदन,” बाई म्हणाल्या, आणि गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच पोट धरून हसल्या.

संचालकांना पुन्हा बढती मिळाली. या खेपेला रिकामी जागा रेल्वेत होती. जायच्या दिवशी दुपारी त्यांचा निरोपसमारंभ ठेवला होता, आणि सकाळी दहाच्या सुमारास ते तळमजल्यावर आले. बूट पुसले नाहीत.

“बाई, खऱ्या समुद्रात ऐकलंय का हो तुम्ही कधी?”

बाई जरा ओशाळल्या. वीसेक वर्षांपूर्वी शिकत असताना ऐकलं होतं. पुढे टाकी मिळाली. टाकीत वारा नसतो, होडीचे आवाज नसतात, पाहिजे तेव्हा लाट मिळते. समुद्र तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर होता.

“मग चला की,” संचालक म्हणाले.

तिघं गेले. धक्क्याच्या टोकाशी, जिथे लाटा खडकांवर येऊन फुटत होत्या, मिस्त्रींनी ध्वनियंत्र तारेला बांधून पाण्यात सोडलं. वाऱ्याने बाईंच्या टिपणवहीची पानं फडफडत होती, ती त्यांनी चपलेखाली दाबून धरली. संचालक कोट काढून दगडावर मांडी घालून बसले आणि कानयंत्रं लावली. पहिल्या मोठ्या लाटेला ते दचकले. मग स्थिर झाले. त्यांच्या गाडीचा चालक एकदा बोलवायला आला, दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा येऊन हार सुकताहेत म्हणाला. त्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक कान मोकळा केला.

“बाई, ते बारीक सगळे ओळखीचे झाले. पण लाट पडून गेल्यावर, मागाहून, एक जाड आवाज येतो. खूप खालचा. सगळे मिळून घुमल्यासारखा. टाकीत नव्हता तो. कशाचा?”

बाईंनी कानयंत्रं घेतली. लाट आली, कोसळली, हवेचा घास घेऊन खाली गेली. घंट्यांचा कल्लोळ झाला, ओसरत गेला. आणि मग त्याच्या पाठीमागून तो आला. पोटातून निघाल्यासारखा, लांब. बाई पुढच्या लाटेला थांबल्या. पुन्हा आला. तिसऱ्या लाटेला नाही आला. चौथीला आला.

“ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “पुंजका मिळून वाजत असेल. किंवा हा धक्काच कुठेतरी पोकळ असेल. दोन्हीही बघावं लागेल.”

“धक्का मी बघतो,” म्हणत संचालक उठले, मिस्त्रींचा पेचकस मागून घेतला आणि खाली वाकून दगडांना कान लावत लावत किनाऱ्याच्या दिशेने निघाले.

बाईंनी वही उघडली, घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि मिस्त्रींना हात केला. मिस्त्रींनी तार आणखी दोन हात खाली सोडली.